रिकामे घर, भाड्याचे घर आणि आगीचा विमा



घर पाहावे बांधून, असे आपण म्हणतो. परंतु बांधलेले घर राखणे हेही काही लहानसहान काम नव्हे. त्यातल्या त्यात मालक ज्या घरात स्वतः नांदतो, ते घर राखणे सोपे. रात्री धुराचा वास आला तर कोणी तरी जागे होते, कौल फुटले तर पहिल्या पावसातच ते कळते. परंतु तेच घर दुसऱ्यास भाड्याने दिले, अथवा दारास कुलूप घालून घरधनी परगावी गेला, म्हणजे कित्येक बिकट प्रश्न उभे राहतात. अशा घरास आग लागली तर नुकसान कोणाचे समजावे, मालकाचे की भाडेकरूचे? जळालेल्या घराचे भाडे द्यावे लागते काय? विमा उतरलेला असल्यास त्याचा पैसा कोणाच्या हाती पडावा? आणि घरात महिनोन् महिने दिवाच लागला नसेल, तर तो विमा जिवंत तरी राहतो काय?

हे प्रश्न वकिलांच्या कचेरीतले आहेत, आपल्याला त्यांच्याशी काय करावयाचे, असे कोणास वाटेल. परंतु इतिहास चाळून पाहिला म्हणजे दिसते ते असे की, याच प्रश्नांपायी एकेकाळी एका मोठ्या शहरातील हजारो कुटुंबांवर भीक मागण्याची पाळी आली होती. आणि ज्यास आपण आगीचा विमा म्हणतो, ती संस्था मुळी भाड्याच्या घरांच्या राखेतूनच उगवली आहे. ती कशी उगवली, आणि तिच्या वाढीबरोबर या प्रश्नांची कोणकोणती उत्तरे मनुष्यांनी शोधून काढली, हे आज आपणांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

प्रारंभ अर्थातच लंडन शहरापासून केला पाहिजे. १६६६ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २ तारखेस, पहाटेपूर्वी, पुडिंग लेन नावाच्या गल्लीतील थॉमस फॅरिनर या पाव भाजणाऱ्याच्या घरी आग लागली. उन्हाळा कोरडा गेला होता, वारा पूर्वेकडून जोराचा वाहत होता, आणि घरे लाकडी असून एकमेकांस खेटून उभी होती. चार दिवस शहर जळत राहिले. सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्चे भस्मसात झाली. सेंट पॉलचे जुने भव्य मंदिरही त्यातून वाचले नाही. ही हकीगत शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. परंतु आग विझल्यानंतर जे दुसरे संकट ओढवले, त्याचा उल्लेख पुस्तकांतून क्वचितच आढळतो.

ते संकट भाडेपट्ट्यांचे होते. लंडन शहरातील पुष्कळशी जमीन व घरे धर्मसंस्था, धंदेवाल्यांचे संघ आणि धनिक घराणी यांच्या मालकीची असून, दुकानदार व कारागीर ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेऊन राहत. कित्येक घरांत मालकाच्या हाताखाली पट्टेदार, पट्टेदाराच्या हाताखाली पोटभाडेकरू, अशी दोनतीन पायऱ्यांची उतरंड असे. पट्ट्यात सामान्यतः एक कलम असावयाचे की, घर नीट दुरुस्त राखून मुदतीअखेर चांगल्या स्थितीत परत देण्याची जबाबदारी भाडेकरूची. या कलमाचा अर्थ न्यायालये अक्षरशः लावीत. घर पडो, जळो, भाडेकरूने ते पुन्हा उभे केले पाहिजे, आणि दरम्यान भाडेही दिले पाहिजे! याच्या आधी जवळजवळ वीस वर्षे, १६४७ साली, पॅरडाइन विरुद्ध जेन या खटल्यात निर्णय झाला होता. यादवी युद्धात राजपुत्र रूपर्टच्या सैन्याने एका भाडेकरूस जमिनीवरून हुसकून लावले होते. तो म्हणाला, जमीन माझ्या ताब्यातच नव्हती, मग भाडे कशाचे देऊ? न्यायालयाने उत्तर दिले की, तू बिनशर्त कबुली दिली आहेस, सबब भाडे दिलेच पाहिजे.

आता त्या सप्टेंबरातील दुकानदाराची कल्पना करा. त्याचा माल जळाला, बिऱ्हाड जळाले, धंदा बुडाला. आणि ज्या जागी घर होते तेथे राखेचा ढीग उरला असताना त्या ढिगाचे भाडे तो देणे लागत होता. शिवाय नव्या कायद्याने घर पुन्हा बांधावयाचे ते विटांचे किंवा दगडाचेच बांधले पाहिजे होते. मालकापाशी भांडवल असले तरी घर बांधण्याची त्यास घाई नव्हती, कारण कायद्याने भार दुसऱ्यावर होता. भाडेकरूस घाई होती, पण भांडवल नव्हते. असेच चालू राहिले असते तर अर्धे लंडन कज्जेदलालीत अडकून कित्येक वर्षे ओसाड पडून राहिले असते.

ही कोंडी फोडण्याकरिता पार्लमेंटने एक विशेष न्यायालय स्थापन केले. त्यास 'अग्निन्यायालय' म्हणत. १६६७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात क्लिफर्ड्स इन येथे त्याचे काम सुरू झाले. राज्यातील मोठमोठे न्यायाधीश, त्यांत सर मॅथ्यू हेल यांच्यासारखे नामांकित कायदेपंडित होते, तेथे पाळीपाळीने बसत. आणि या कामाबद्दल ते काही वेतन घेत नसत. या न्यायालयास जुना पट्टा मोडण्याचा, भाडे कमी करण्याचा, मुदत वाढवून देण्याचा अधिकार होता. त्याची रीत साधी होती. दोन्ही पक्षांस समोर बोलावून, घर बांधण्यास कोण तयार आहे आणि कोण समर्थ आहे हे विचारावयाचे. भाडेकरू बांधण्यास तयार असला तर त्याचे भाडे कमी करून पट्ट्याची मुदत पुष्कळ वर्षांनी वाढवावयाची. तो असमर्थ असला तर त्यास पट्ट्यातून मोकळे करून जागा मालकाच्या स्वाधीन करावयाची. अशा रीतीने दीड हजारांवर तंटे या न्यायालयाने मिटविले. कायद्याच्या काटेकोर अक्षराप्रमाणे सारा भार ज्याच्या डोक्यावर पडावयाचा, त्याच्या डोक्यावरून त्यातील काही भाग उचलून तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला, एवढेच त्याने केले. पण त्यामुळे शहर पुन्हा उभे राहिले. कृतज्ञ नगरवासीयांनी त्या न्यायाधीशांची चित्रे एका चित्रकाराकडून काढवून नगरभवनात लावली. न्यायाधीशांविषयी लोकांस इतके प्रेम वाटल्याची उदाहरणे इतिहासात फार थोडी आहेत!

परंतु न्यायालय झाले तरी ते झालेले नुकसान दोघांत वाटून देऊ शकते. नुकसान भरून देऊ शकत नाही. ते भरून देण्याची युक्ती काढली निकोलस बार्बन नावाच्या एका गृहस्थाने. हा मूळचा वैद्य. हॉलंडात शिकून आलेला. पण आगीनंतर वैद्यकी सोडून त्याने घरे बांधून भाड्याने देण्याचा धंदा आरंभिला आणि लंडनच्या पेठाच्या पेठा उभ्या केल्या. तो मोठा धाडसी आणि काहीसा बेपर्वा होता. १६८४ साली रेड लायन चौकात बांधकाम सुरू करताना शेजारच्या ग्रेज इनमधील वकिलांशी त्याच्या मजुरांची प्रत्यक्ष विटांची मारामारी झाली, आणि मजुरांच्या पुढे तो स्वतः होता असे सांगतात. या बार्बनने १६८० च्या सुमारास घरांचा आगीचा विमा उतरविणारी पेढी काढली.

तिचे दर कशावर बसविले होते, हे मोठे लक्षात घेण्यासारखे आहे. ते घराच्या वार्षिक भाड्यावर होते. विटांच्या घरास भाड्याच्या शेकडा अडीच आणि लाकडी घरास शेकडा पाच, असा वर्षाचा हप्ता. आणि घराची किंमत दहा वर्षांच्या भाड्याइतकी धरावयाची. याचा अर्थ असा की, आगीचा विमा जन्मला तेव्हा घराकडे चारचौघांच्या निवाऱ्याची जागा म्हणून पाहण्याऐवजी भाडे देणारी मिळकत म्हणून पाहिले गेले. घरे बांधून भाड्याने देणाराच विम्याचा जनक झाला, यात आश्चर्य ते काय?

बार्बनच्या पाठोपाठ इतर मंडळ्या निघाल्या. १६९६ साली 'हँड-इन-हँड' ही परस्पर साहाय्याची मंडळी स्थापन झाली. प्रत्येक मंडळी विमा उतरलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर आपले शिशाचे चिन्ह ठोकी, कोठे हातात हात, कोठे सूर्यमुख; आणि आग विझविण्यासाठी थेम्स नदीवरील नावाड्यांतून निवडलेले आपले बंबवाले ठेवी. परंतु या पहिल्या मंडळ्या केवळ इमारतीचाच विमा उतरीत. भाडेकरूची भांडीकुंडी, कापडाचे तागे, दुकानातील माल यांस कोणी वाली नव्हता. ही उणीव १७१० साली निघालेल्या 'सन' कंपनीने भरून काढली. चार्ल्स पोव्ही नावाच्या एका खटपट्या मनुष्याच्या योजनेतून ती निघाली होती. तिने घराबरोबर आतील मालाचाही आणि लंडनबाहेरील मिळकतीचाही विमा पत्करण्यास सुरुवात केली. तेव्हापासून एका छपराखाली दोन विमे ही कल्पना रूढ झाली. भिंती मालकाच्या, त्यांचा विमा मालकाने उतरावा. सामान भाडेकरूचे, त्याचा विमा भाडेकरूने उतरावा. आजही कित्येक सुशिक्षित भाडेकरू 'इमारतीचा विमा आहे ना, मग झाले' असे म्हणून स्वस्थ राहतात. त्यांनी दोनतीनशे वर्षांपूर्वीची ही वाटणी ध्यानात ठेवावी. मालकाच्या विम्यातून भाडेकरूच्या कपाटाची एक फळीही भरून निघत नाही.

यापुढचा प्रश्न नाजूक आहे. घर एकाचे, विमा दुसऱ्याच्या नावाचा, असे झाले तर? १७४३ साली लॉर्ड हार्डविक या प्रसिद्ध न्यायाधीशापुढे असा एक तंटा आला. लंडनच्या खोगीर करणाऱ्यांच्या संघाचे एक घर एका बाईने पट्ट्याने घेतले होते. पट्ट्याची सुमारे साडेसहा वर्षे शिल्लक असताना तिने 'हँड-इन-हँड'कडे त्या घराचा सात वर्षांचा विमा उतरला. पट्टा संपला, घर मालकाकडे परत गेले. आणि विम्याची मुदत संपण्यास काही महिने उरले असता घरास आग लागली. मग बाईने आपला विमा मालक-संघाच्या नावे करून दिला आणि संघाने मंडळीकडे पैसा मागितला. हप्ते भरलेले, मुदत चालू, घर तेच, आग खरी. तरीही दावा फेटाळला गेला. न्यायाधीशांनी सांगितले की, आग लागली त्या दिवशी त्या बाईचे त्या घरात काही उरले नव्हते. ज्याचे काही गेले नाही, त्यास भरपाई कसली? विमा भिंतींस चिकटलेला नसतो. त्या भिंतींशी असलेल्या मनुष्याच्या हितसंबंधाचा तो असतो. हितसंबंध तुटला की विमा तुटला.

हे तत्त्व वरवर कठोर दिसते. पण ते नसते तर काय झाले असते? कोणीही उठून कोणाच्याही घराचा विमा उतरावा आणि आग लागण्याची वाट पाहत, नव्हे, ती लावण्याची संधी पाहत बसावे! असे प्रकार घडूही लागले होते. त्यास आळा घालण्यासाठी १७७४ साली पार्लमेंटने लंडनपुरता आग-प्रतिबंधाचा कायदा केला. त्यात एक मार्मिक कलम होते. विमा उतरलेले घर जळाल्यास, त्या घरात ज्याचा कोणाचा हितसंबंध असेल तो विमाकंपनीस सांगू शकतो की, पैसा रोख देऊ नका, तो घर पुन्हा बांधण्याकडे लावा. घर पेटवून पैसा खिशात घालण्याचा मोह त्यामुळे कमी झाला हे तर खरेच; परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, भाडेकरूच्या हाती एक हत्यार आले. मालकाने विम्याचा पैसा घेऊन स्वस्थ बसावे आणि भाडेकरूने उघड्यावर राहावे, असे आता होणे नव्हते.

भाडेकरूची बाजू याच वाटेने पुढे आणखी भक्कम झाली. १९८५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे एक प्रकरण आले. भाडेकरूच्या निष्काळजीपणाने इमारत जळाली. मालकास विमाकंपनीने पैसा दिला. आणि मग मालकाच्या जागी उभे राहून कंपनी तो पैसा भाडेकरूकडून वसूल करू पाहत होती. परंतु विम्याच्या हप्त्याचा वाटा भाडेकरू मालकास देत होता, असे पट्ट्यावरून दिसत होते. न्यायालयाने म्हटले, मग तो विमा दोघांच्या हितासाठीच होता. भाडेकरूकडे हात पसरता येणार नाही. पट्ट्यातील एका ओळीने एवढा फरक पडला.

येथवर भाड्याच्या घराचे झाले. आता रिकाम्या घराकडे वळू. त्याचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत विशेष तीव्रतेने पुढे आला, आणि त्याची कारणे उघड आहेत. तेथे घरे लाकडी, लोकवस्ती फिरती. आज एका गावी तर उद्या शेकडो मैलांवर नव्या वसाहतीत. मागे राहिलेली घरे ओस पडत. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो शहर जळाले, आणि त्या एका आगीने कित्येक विमाकंपन्यांचे दिवाळे वाजले. तेव्हापासून विमापत्राच्या अटी एकसारख्या व स्पष्ट असाव्यात, अशी ओरड सुरू झाली. न्यूयॉर्क राज्याने १८८६ साली एक नमुन्याचे विमापत्र ठरवून दिले. त्यात अशी अट होती की, घर मालकाच्या राहण्यासाठी असो वा भाडेकरूच्या, ते दहा दिवस रिकामे अथवा निर्जन राहिले तर विमा रद्द समजावा. १९४३ च्या सुधारलेल्या नमुन्यात ही मुदत साठ दिवसांपर्यंत वाढविण्यात आली.

'रिकामे अथवा निर्जन' या दोन शब्दांवरून तेथील न्यायालयांत पुष्कळ खल झाला. ज्यात माणूसही नाही आणि सामानही नाही, ते रिकामे. ज्यात सामान जागच्या जागी आहे, पण राहणारे कोणी नाही, ते निर्जन. कुटुंब चार दिवस पाहुणे म्हणून गेले तर घर निर्जन होत नाही; कारण परत येण्याचा त्यांचा मानस असतो आणि घर त्यांचे वसतिस्थान म्हणून कायम असते. उलटपक्षी मालकाने एक खाट आणि दोन खुर्च्या मागे ठेवून बिऱ्हाड कायमचे हलविले, तर त्या खुर्च्यांमुळे घर वसलेले ठरत नाही.

विमाकंपन्या रिकाम्या घराला इतक्या का भितात? केवळ पैसे चुकविण्यासाठी त्यांनी ही अट काढली, असे पुष्कळांचे मत असते. थोडा विचार केला म्हणजे दिसेल की, अटीच्या मुळाशी खरी कारणे आहेत. वसत्या घरात आग लहान असतानाच विझते, कारण ती पाहणारा कोणी तरी असतो. रिकाम्या घरात ती छपरावाटे बाहेर पडेपर्यंत शेजाऱ्यांसही कळत नाही. नळ फुटला, कौले सरकली, तारा उंदरांनी कुरतडल्या, यांपैकी काही वेळीच दुरुस्त होत नाही. चोर, जुगारी, गर्दुल्ले यांचा तेथे शिरकाव होतो. आणि शेवटचे कारण म्हणजे ज्या घरापासून मालकास भाडेही नाही आणि निवाराही नाही, त्या घरावर त्याचा जीव उरतोच असे नाही; क्वचित ते घर असण्यापेक्षा त्याचा विमा बरा, असाही विचार मनात डोकावतो. सारांश, हप्ता ठरविताना कंपनीने पाहणाऱ्या डोळ्यांचा हिशेब धरलेला असतो. ते डोळे निघून गेले म्हणजे करारातील एक पक्षच जणू बदलतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. १८८२ च्या मिळकत हस्तांतरणाच्या कायद्याने भाडेकरूस असा पर्याय दिला आहे की, आगीने किंवा पुराने मिळकतीचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला अथवा भाड्याच्या हेतूस कायमचा निरुपयोगी झाला, तर त्याने इच्छा असल्यास पट्टा संपुष्टात आणावा. मात्र नुकसान त्याच्याच अपकृत्याने झालेले नसावे. लंडनच्या दुकानदारास जी सुटका मिळविण्यासाठी विशेष न्यायालयाकडे जावे लागले, ती येथे कायद्यातच लिहून ठेवलेली आहे. 'इच्छा असल्यास' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पट्टा संपविण्याचा हक्क भाडेकरूचा आहे. घर गेले म्हणून तो आपोआप संपत नाही. इमारत जमीनदोस्त झाली तरी तेवढ्याने भाडेकरूचा हक्क नाहीसा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच १८८२ च्या कायद्यात दुसरेही एक कलम आहे. विमा उतरलेली मिळकत विकली गेली आणि विक्रेत्यास विम्याचा पैसा मिळाला, तर वेगळा करार नसल्यास तो पैसा घर पूर्ववत करण्याकडे लावण्याची मागणी खरेदीदार करू शकतो. १७७४ च्या कलमाचीच ही छाया म्हणावयाची.

रिकाम्या घरांचे दर्शन मुंबईस प्रथम मोठ्या प्रमाणावर घडले ते प्लेगच्या साथीत. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. आकासियु व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढील पाचसहा महिन्यांत शहरातील निम्म्याच्या आसपास लोक गावोगाव निघून गेले. चाळीच्या चाळी कुलूपबंद झाल्या. पुढे प्लेगच्या कामगारांनी ती कुलपे फोडून घरे धुतली, कौले उतरवून ऊन आत घेतले. मालकाविना पडलेल्या घराचे काय होते, याचा तो धडा होता.

दुसरा धडा १९४४ च्या एप्रिलच्या १४ तारखेचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाईन' या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. आग लागली, दोन प्रचंड स्फोट झाले, शेकडो माणसे मेली, आणि गोदीलगतच्या वस्तीतील घरे व वखारी बेचिराख झाल्या. विमापत्रे पुष्कळांपाशी होती. परंतु आगीच्या नेहमीच्या विमापत्रात स्फोटाने उद्भवलेले नुकसान वगळलेले असे, आणि कंपन्यांनी त्या शब्दांवर बोट ठेवले. अखेर सरकारने त्याच साली खास वटहुकूम काढून भरपाईची व्यवस्था केली. विमापत्र पेटीत असणे आणि ते वाचलेले असणे, या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हे त्या वेळी मुंबईकरांस फार महाग पडून कळले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९४७ साली, मुंबईचा भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि भाडी १९४० च्या सप्टेंबरातील पातळीवर गोठली. युद्धानंतरच्या टंचाईत गरीब भाडेकरूस त्या कायद्याने जो आधार दिला, तो नाकारता येत नाही. परंतु दशकांमागून दशके लोटली, वस्तूंचे भाव कितीतरी पटींनी वाढले, आणि भाडे तेवढेच राहिले. मग मालकाचा त्या घरातील हितसंबंध कागदोपत्री उरला. जेथे भाडे रंगसफेदीसही पुरत नाही, तेथे दुरुस्ती आणि विमा यांवर कोण खर्च करणार? जुन्या इमारती पावसाळ्यात कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळ स्थापन करून उपकर बसवावा लागला. हितसंबंध आटला म्हणजे निगाही आटते, या नियमास मुंबई अपवाद ठरली नाही. याच भीतीची दुसरी बाजू अशी की, भाडेकरू एकदा आत आला तर निघणार नाही, म्हणून कित्येक मालकांनी घरे कुलूप लावून ठेवणेच पसंत केले. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने लेखी व नोंदलेल्या करारावर भर देऊन हा धाक काहीसा कमी केला. तथापि २०११ च्या शिरगणतीत देशातील शहरांतून १ कोटी ११ लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली.

या रिकाम्या घरांच्या मालकांपैकी कितीजणांनी आपले विमापत्र वाचले असेल? भारतात वर्षानुवर्षे चालत आलेल्या नमुन्याच्या आगीच्या विमापत्रात स्पष्ट अट होती की, इमारत सलग ३० दिवसांहून अधिक काळ निर्जन राहिली, आणि नुकसान होण्यापूर्वी कंपनीची लेखी संमती घेतलेली नसली, तर विमा लागू राहत नाही. त्याच कलमात असेही होते की, मृत्युपत्राने किंवा कायद्याच्या क्रियेने नव्हे तर अन्य रीतीने मिळकत दुसऱ्याकडे गेली, तर विमा थांबतो. म्हणजे न्यूयॉर्कची अट आणि लॉर्ड हार्डविकचा न्याय, ही दोन्ही एका कागदावर शेजारीशेजारी येऊन बसली होती!

१९७३ सालच्या आरंभापासून सर्वसाधारण विम्याचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा होऊन शंभरांवर कंपन्या चार कंपन्यांत विलीन झाल्या. पुढे २००० पासून खाजगी कंपन्यांसही पुन्हा वाट मोकळी झाली. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक संस्थेने 'भारत गृह रक्षा' या नावाचे एकाच नमुन्याचे घरगुती विमापत्र सर्व कंपन्यांस देण्यास लावले आहे. त्यात आगीबरोबर भूकंप, पूर, वादळ इत्यादी संकटे येतात. आणि घर राहण्यास अयोग्य झाल्यास बुडालेले भाडे, अथवा तात्पुरत्या दुसऱ्या जागेचे भाडे यांचीही तरतूद आहे. अग्निन्यायालयापुढे जळलेल्या घराच्या भाड्याबद्दल हात जोडून उभ्या राहिलेल्या त्या दुकानदारास ही तरतूद दिसती, तर त्यास केवढा दिलासा वाटला असता!

आता गृहस्थाश्रमी श्रोत्यांनी या सर्व इतिहासापासून काय घ्यावे? घर भाड्याने देताच ती गोष्ट कंपनीस लेखी कळवावी, आणि बुडत्या भाड्याची तरतूद आपल्या विमापत्रात किती आहे हे पाहावे. भाडेकरूने आपल्या सामानाचा विमा आपल्या नावे वेगळा उतरावा. आणि करारात विम्याचा हप्ता कोण भरणार, आगीनंतर भाड्याचे काय, ही दोन वाक्ये असल्याखेरीज सही करू नये. सहकारी गृहसंस्थेत राहणाऱ्यांनी इमारतीचा विमा संस्थेने उतरला आहे की नाही याची वार्षिक सभेत चौकशी करावी. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींत तो उतरविण्यास सांगितलेले आहे. घर घेताना अथवा विकताना जुन्या विमापत्रावर विसंबू नये. आणि मुलांकडे परदेशी अथवा परगावी दीर्घकाळ जावयाचे असेल, तर निघण्यापूर्वी विमापत्रातील निर्जन घराची अट शोधून वाचावी, कंपनीची संमती कागदावर घ्यावी, विजेचा मुख्य खटका बंद करावा, गॅस व पाणी तोडावे, आणि किल्ली अशा माणसाच्या हाती द्यावी की जो आठवड्यातून एकदा दार उघडून आत डोकावेल.

हे शेवटचे काम कोणतीही कंपनी आपल्यासाठी करीत नाही. पूर्वी वाड्यात शेजारी, भाऊबंद, देवळातला पुजारी, वेशीवरला रामोशी हे न सांगता ते करीत असत, आणि त्याबद्दल हप्ता मागत नसत. मोठ्या शहरात ते शेजारपण विरळ झाले, म्हणून त्याची जागा विमापत्राने घेतली. परंतु विमा नुकसान भरून देतो, घर राखीत नाही. राखणारा मनुष्य असला तर विमा त्याच्या पाठीशी उभा राहतो. तो नसला, तर दहा दिवसांत, तीस दिवसांत वा साठ दिवसांत, विमाही हळूच दार ओढून घेऊन निघून जातो. बाहेर पडताना हे ध्यानात असावे, एवढेच सांगणे.